रिकाम्या ठाणावरची मोहरकी

मी मोहरकी बोलतेय. लगाम नव्हे हं, आधीच सांगते. घोड्याच्या तोंडावर चामड्याचं काही दिसलं की लोक त्याला लगाम म्हणून मोकळे होतात. लगाम घोड्याच्या तोंडात लोखंड कोंबतो आणि त्याच जोरावर मिजास करतो. मी नुसती तोंडाभोवती बसते. एक पट्टी नाकावर, एक कानांमागून, दोन गालांवर आणि हनुवटीखाली दोर अडकवायची कडी. घोड्याला फिरवायला, बांधायला, डॉक्टरांसमोर उभं करायला मीच लागते. त्याचा श्वास कसा चाललाय हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. पटवून घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

मला एका म्हाताऱ्या जिनगराने शिवलं, तेही एका चष्म्याच्या बदल्यात. नजर गेल्यामुळे सुई चामड्याऐवजी त्याच्या बोटांतच जायला लागली होती. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने त्याला असा काही चष्मा करून दिला की म्हातारा पुन्हा कामाला लागला. चष्मेवाला पैसे घेईना. मग जिनगर म्हणाला, "तुमच्याकडे घोडा येतोय म्हणे. त्याच्या तोंडाचं माप आणा." माझे टाके बघा कधीतरी, एकही वाकडा नाही.

हा चष्मेवाला माझा मालक. काचेतला केसाएवढा फरक ओळखणारा माणूस, पण बोलण्यात पक्का कंजूष. बायको लवकर गेली, घरात तो आणि लेक. लेक सात वर्षांची असताना तिने घोडा मागितला तेव्हा हा काचा घासण्यात गुंतला होता. "दहा वर्षांची झालीस की घेऊ," म्हणाला. त्याला वाटलं, पोर विसरेल. पोर कसली विसरते! दहाव्या वाढदिवशी सकाळी ती बूट घालून दारात उभी. दिला शब्द फिरवणारा माणूस नव्हता तो. गाठीशी होतं ते काढलं आणि सहा वर्षांचा घोडा घेऊन आला. तपकिरी रंग, अंगावर गडद ठिपके. लेकीने त्याचं नाव ठेवलं जायफळ.

घरात घोडा ठेवायला जागा नव्हती. गावाबाहेर एक पागा होती, लोकांचे घोडे भाड्याने सांभाळणारी. तिथल्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी चष्मेवाल्याला समोर बसवलं.

"घोडा घेतलात ते छान. पण हा रोज खाणार, रोज लीद टाकणार आणि रोज चालायला मागणार. सुट्टीबिट्टी नसते त्याला."

"आणि मी आजारी पडलो तर?"

"तुम्ही पडा की खुशाल. त्याला थोडंच कळणार आहे?"

पागेत दोन तऱ्हा होत्या. पूर्ण सोय घेतली तर सगळं पागेची माणसं बघत. अर्धी सोय स्वस्त पडे. त्यात ठाण, म्हणजे घोड्याची दार असलेली खोली, वैरण आणि कुरण पागेचं, पण लीद काढणं, खरारा करणं, फिरवणं मालकाचं. चष्मेवाल्याने अर्धी सोय घेतली. शिवाय दर सहा आठवड्यांनी नालबंद, वर्षातून एकदा दात कानसायला माणूस, मधूनमधून लस आणि जंतांचं औषध. दुकानातला खडखडणारा पंखा बदलायचा होता, तो राहिला तो राहिलाच. पण माझं विचाराल तर पैसा हा त्यातला लहान भाग. खरा खर्च पहाटे पाच वाजता उठण्याचा होता, तोही थंडी-पाऊस न बघता.

आठ वर्षं तो खर्च लेकीने केला. मग ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली. जाताना म्हणाली, "बाबा, चार महिने सांभाळा." त्याची झाली चार वर्षं. शिक्षण संपलं, तिकडेच नोकरी लागली, आणि ती दर महिन्याला वैरणीला म्हणून पैसे पाठवायला लागली.

आता गंमत बघा. चष्मेवाल्याला घोड्यांची भयंकर भीती वाटायची. पहिल्या आठवड्यात तो खराऱ्याला काठी बांधून लांबून जायफळचं अंग घासायचा. घोडा मान वळवून त्याच्याकडे बघायचा, आणि घोड्याला हसू येत असेल तर ते मला नाकपट्टीखाली कळायचं. हळूहळू काठी सुटली. भीती मात्र थोडीशी शिल्लक राहिली, आणि ती तशीच घेऊन हा माणूस रोज यायचा. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

सकाळी सातच्या सुमाराला लेकीचा फोन यायचा. काय करतोय, खाल्लं का, नीट चालला का. आणि हा बोलण्यातला कंजूष माणूस एकदम सुटायचा. आज कान कसे टवकारले, कुठल्या डबक्याला बिचकला, नालबंदाच्या पाठीवर कसा शिंकला. घोड्याचं सांगून झालं की दोघं "बरं" म्हणत आणि फोन ठेवत. त्या बापलेकींमध्ये एकच पूल होता आणि त्याला चार पाय होते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी जायफळने वैरणीला तोंड लावलं नाही. पुन्हा पुन्हा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागला. पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलं की ते जिवावरच बेततं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मी निघालोय, तोवर त्याला बसू देऊ नका, चालवत ठेवा." चष्मेवाल्याने त्याला उजाडल्यापासून अकरा वाजेपर्यंत चालवलं. सातचा फोन खिशात वाजून वाजून थांबला. माझ्या दोराने त्याचा तळवा सोलून निघाला. श्वास आधी भरभर होता, मग तुटक झाला. डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली, आणि थोड्या वेळाने माझ्या नाकपट्टीखालची ऊब थांबली.

घोड्यांची निगा राखणारा पागेचा म्हातारा मोतद्दार मला काढायला पुढे झाला. "मी काढतो," चष्मेवाला म्हणाला. पण सोललेल्या हाताने बक्कल सुटेना. शेवटी त्याने मला तशीच, बक्कल न उघडता, कानांवरून ओढून काढलं आणि ठाणाच्या दाराशी खिळ्यावर टांगलं.

तिथेच चूक झाली. घोडा कुरणात सोडायचा तर फाटकाशी मोहरकीचं बक्कल उघडून तिला काढून घेतात, नाहीतर ती कुंपणात अडकून त्याला फास बसायचा. ती उघडी मोहरकी खिळ्यावर लोंबत राहते. घोडा परत ठाणात आला की बक्कल लावून टांगायची. पागेतली माणसं ठाणात डोकावत नाहीत, खिळ्याकडे बघतात. बक्कल लावलेलं म्हणजे घोडा आत आहे. दुपारी मोतद्दाराने जायफळला गाडीत चढवायला हात लावला होता. संध्याकाळी त्याच हातांनी, माझं बक्कल बघून, त्याने नेहमीसारखी ठाणात वैरण टाकली. मनात काही नव्हतं त्याच्या, हाताची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाला आला तो खरारा आणि घोंगडी घरी न्यायला. ठाणाचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थबकला. वैरण संपलेली होती. बादलीतलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं. पेंढ्यात मोठं अंग टेकून उठल्यासारखा खळगा पडला होता. लीद मात्र कुठेच नव्हती, एवढीशीसुद्धा नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रात्रभर जागून त्याने ठरवलं होतं की आज सगळं सांगून टाकायचं.

"काय करतोय?" लेकीने विचारलं.

चष्मेवाल्याने रिकाम्या गव्हाणीकडे बघितलं. "खाल्लंय," तो म्हणाला. "सगळं खाल्लंय."

पहिलं खोटं असं निघालं, आणि ते धड खोटंही नव्हतं. पुढचं सोपं गेलं. लेकीला काय सांगायचं याची त्याला काळजी होती, पण त्याहून मोठी काळजी दुसरी होती. घोडा नाही म्हटल्यावर आपण हिच्याशी बोलायचं तरी काय? ठाणाचं भाडं तो भरत राहिला. रोज यायचा, स्वच्छ पेंढा उगाच उलटापालटा करायचा, आणि मला हातात घेऊन कुंपणाच्या कडेने नेहमीचा फेरा मारायचा. पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात लोंबकळत होते.

दहाव्या दिवशी मी लोंबकळत नव्हते.

हे कसं सांगू? त्याने ठाणात जाऊन मला वर धरलं, आणि कुणीतरी स्वतःहून माझ्यात तोंड घातलं. नाकपट्टी ओलसर झाली. दोर ताणला गेला. मी घोड्याच्या डोक्याच्या उंचीवर चालत होते, आणि माझ्या आरपार पलीकडचं कुंपण दिसत होतं. चष्मेवाला एकदाही मागे वळला नाही. समोरून येणारे घोडे मात्र आम्हाला वाट द्यायला बाजूला झाले. मी मोहरकी, घोडा नसेल तर मी चामड्याच्या चार पट्ट्यांची गुंडाळी. मला तो हवा होता, म्हणून मीही गप्प राहिले. मलाही भीती वाटत होती, हे कबूल करते.

सहा आठवड्यांनी नालबंद आला. तो गावोगाव फिरणारा, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानेही खिळ्याकडे बघितलं आणि आत शिरला. नालबंद घोड्याच्या तोंडाकडे पाठ करून वाकतात आणि पायावरून हात खाली नेत म्हणतात, "दे पाय." तसा तो वाकला, सवयीने हवेत हात खाली नेला आणि म्हणाला, "दे पाय." मग त्याचे गुडघे ओझ्याने वाकले. दोन्ही हातांत त्याने काहीतरी धरलं होतं. थोडा वेळ तो कानशीने खरवडत राहिला. मग घाम पुसायला त्याने मान वर केली आणि मागे वळून बघितलं.

कानस तिथेच टाकून तो बाहेर आला. काकू अंगणात होत्या.

"काकू, त्या ठाणात काय ठेवलंय तुम्ही?"

"का? काय झालं?"

"खूर फार वाढलेत," तो म्हणाला, आणि गाडी चालू करून जो गेला तो पुन्हा त्या पागेत आला नाही.

दिवस जात राहिले, आणि मी सैल पडायला लागले. आधी गालाशी, मग नाकावर. तो वाळत चालला होता. मेलेल्याचं वैरणीने पोषण होत नसावं. चष्मेवाल्यालाही ते दोर धरून कळत असणार, कारण तो स्वतःच्या पदरचा दाणा आणून घालायला लागला. जेवढा दाणा वाढला तेवढा हा वाळला, आणि त्याच्याबरोबर चष्मेवालाही. दुकान उशिरा उघडायचं, गिऱ्हाइकं दारातून परत जायची. त्याच्या गालांची हाडं वर आली. फोनवर मात्र तो असा रंगून बोलायचा की मीही ऐकत राहायची. आज कुरणात कसा उधळला, कसा लोळला. कुरणात तर त्याने त्याला एकदाही सोडलं नव्हतं. सोडायचं तर बक्कल उघडावं लागलं असतं, आणि उघडल्यावर काय उरेल याची त्याला धास्ती होती.

सात महिने कोंडलेलं जनावर कसं होतं ते पागेत कुणालाही विचारा. भरदिवसा ठाणाच्या फळीवर लाथा बसायला लागल्या. शेजारची घोडी खाईना. मोतद्दार वैरण दारातूनच फेकून पळायचा. शेवटी एक दिवस काकूंनी चष्मेवाल्याला गाठलं.

"मी तुम्हाला काही विचारत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीही मला काही सांगू नका. पण एवढे दिवस कोंडून ठेवतात का जनावर? त्याला सोडा."

"सोडतो," हा म्हणाला. सोडलं नाही.

परवा शनिवारी लेक आली, न कळवता. चष्मेवाला ठाणात पेंढा उलटत होता. हातातलं फावडं तसंच राहिलं. चार वर्षांत दोनदाच बघितलेली पोर, आता चांगली मोठी बाई दिसत होती.

"अगं, कळवायचंस तरी! तो... तो जरा कुरणात..."

"बाबा," ती म्हणाली, "मला माहीत आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी कळवलं होतं मला."

चष्मेवाला पेंढ्यावरच बसला. "मग रोज विचारत होतीस ते?"

"तुम्ही किती छान सांगायचात. त्याआधी कधी एवढं बोलला होतात का माझ्याशी?" ती दाराला टेकली. "मला वाटलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल. आणि सांगितल्यावर मग फोन कशाला करायचा, हेही वाटलं."

"आणि वैरणीला म्हणून पैसे पाठवत होतीस ते?"

"तुम्ही भरत होता ना भाडं? मग मीही पाठवत राहिले."

म्हणजे दोघंही जाणूनबुजून नसलेला घोडा पोसत होती, एकमेकांसाठी. मला त्या क्षणी दोघांचा राग आला आणि दोघांची कीवही आली.

तेवढ्यात फळीवर लाथ बसली. लेकीला मृत्यूचं माहीत होतं, हे माहीत नव्हतं. ती पांढरीफटक पडली. पण घोड्यात वाढलेली पोर ती. पळाली नाही. हात पुढे करून हळूहळू कोपऱ्यात गेली, तोंडाने चुचकारत, आणि तिचा तळवा हवेत एका जागी टेकून थांबला.

"बाबा," ती कुजबुजली, "ह्याच्या बरगड्या लागतायत हाताला. सगळ्या."

"खूप खायला घालतो गं मी."

"खायला नकोय त्याला. चला. आत्ता."

तिने मला खिळ्यावरून काढलं, वर धरलं. तोंड आत आलं. इतकं हलकं झालं होतं की नाकपट्टीला जेमतेम समजलं. दोर तिने बापाच्या हातात दिला. आम्ही कुरणाच्या फाटकापर्यंत गेलो, ती एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, मी मध्ये. फाटक तिने उघडलं. चष्मेवाल्याचा हात माझ्या बक्कलापर्यंत आला आणि थांबला.

"मग फोनवर काय बोलायचं गं आपण?" त्याने विचारलं. साठीचा माणूस, पण आवाज अगदी जत्रेत हरवलेल्या पोरासारखा.

"मला नाही माहीत," लेक म्हणाली. "पण ह्याच्या जिवावर नको."

बक्कल गंजलं होतं. त्याला अंगठ्याने जोर लावावा लागला. पट्टी सुटली आणि त्याच्या कानांवरचे केस मला घासून गेले, ते शेवटचं कळलं. घोडा सुटल्यावर माणसाने मागे सरायचं असतं, तो खुशीत लाथ झाडतो. चष्मेवाला सरला नाही. इतकी वर्षं घोड्याला भ्यालेला तो माणूस डोळे मिटून तिथेच उभा राहिला. त्याच्या खांद्यावरचा सदरा जरा ओलसर झाला, कुणी नाक टेकवल्यासारखा. मग कुरणातल्या सगळ्या घोड्यांनी एकदम माना वर केल्या. कितीतरी वेळ ते त्याच दिशेने बघत होते. नंतर ते पाण्याच्या हौदापाशी रांगेत उभे राहिले तेव्हा मधे एका घोड्याएवढी जागा सोडून उभे राहिले.

काल लेक परत गेली. आज मी चष्मेवाल्याच्या दुकानात भिंतीवर आहे, काचांच्या कपाटाशेजारी. बक्कल उघडं आहे. सकाळीच एक बाई डोळे तपासायला आल्या होत्या. थांबल्या थांबल्या हाताला चाळा म्हणून त्यांनी माझी पट्टी बक्कलात ओवली, आणि माझ्या नाकपट्टीखाली ऊब आली. चष्मेवाल्याने धावत येऊन बक्कल उघडलं, बाईंची माफी मागितली. पाळलेलं जनावर ते, बोलावलं की बिचारं येतं, कितीही दूर गेलं असलं तरी. म्हणून माझी तुम्हा सगळ्यांना एवढीच विनंती आहे. जनावर पाळाल तर त्याला खाऊपिऊ घाला, फिरवा, त्याच्यासाठी पहाटे उठा, आणि त्याची वेळ झाली की त्याला जाऊ द्या. तुमच्या कामासाठी त्याला अडवून ठेवू नका.

फोन वाजतोय. आज उशीर झालाय त्याला, सात कधीच वाजून गेले. चष्मेवाला फोन कानाला लावून उभा आहे. तिकडूनही आवाज नाही. मी इथे भिंतीवर जीव मुठीत धरून.

"ऐक ना," शेवटी हा म्हणाला. खाकरला. "तू तिकडे नेमकं काम काय करतेस गं? मी कधी विचारलंच नाही."

लेक सांगायला लागली. चष्मेवाल्याने स्टूल ओढलं आणि तो बसला. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, तरी तो ऐकत राहिला.